दुसरीच्या नावाला ओ

खडकी, गुरुवार, ६ मार्च २०२५

शर्मिला, तुला मंदाकिनीचा सलाम.

पाकिटावरचे अक्षर ओळखूनही तू हे पत्र न फोडता टाकून देणार नाहीस, एवढा भरवसा धरून लिहीत आहे. फोनवर तू मला अडवून ठेवले आहेस, हे तुझ्या तनुजेकडून कळले. "काकू, आईने तुम्हाला ब्लॉक केलंय," असे ती इतक्या सहज म्हणाली, जणू आईने माझ्यासाठी चिवडा पाठवला आहे. म्हणून हा पोस्टाचा मार्ग. काउंटरवरच्या मुलीने पत्ता वाचून मान वर केली. "कात्रज? आजी, रिक्षाने लवकर जाईल की." मी म्हटले, "रिक्षा जाईल, बाळ. मी गेलेली तिथे चालणार नाही."

काल राखेचा बुधवार होता. उपवासकाळाची पहिली उपासना मला प्रथमच चुकली, कारण आपल्या सासूबाईंना आता क्षणभरही एकटे ठेवता येत नाही. नाताळानंतर आत्याबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. वय पाहून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको म्हटले. तेव्हापासून त्या मधल्या खोलीत पलंगावर आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे; माणूस आकारावरून ओळखतात आणि बहुधा चुकीचा ओळखतात. त्यांच्या स्मृतीची काही पाने गळून गेली आहेत आणि उरलेली कोणी उलटसुलट बांधली आहेत.

हे सारे मी तुला कळवले नसते. तुला या घरातले काहीच कळून घ्यायचे नाही, हे मी मान्य केले आहे. परंतु आत्याबाई दिवसभर तुला हाक मारतात. चहा तोंडाला लावताना, कूस वळवताना, काहीच चाललेले नसताना. "शर्मिला, ए शर्मिला." माधवरावांना, म्हणजे पोटच्या थोरल्या मुलाला, त्या हाक मारीत नाहीत. मला तर नाहीच नाही. काय हवे म्हणून विचारले की म्हणतात, "तुला न्हाई सांगायचं. तिला सांगायचं हाय."

काय सांगायचे असेल, याचा तर्क तूही करू शकशील. तुझ्या यजमानांना, समाधानभावजींना, पुरून मंडळी नुकतीच परतली होती, दारात चपला निघत होत्या, आणि आत्याबाईंनी तुझ्याकडे बोट करून सर्वांदेखत म्हटले, "पांढऱ्या पायाची." आयुष्यभर गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगणाऱ्या प्रचारक बाईच्या तोंडून हा शब्द निघाला. तुझ्या जन्मानंतर वडील गेले म्हणून अमरावतीकडच्या चुलत्यांनी तुला हाच शब्द चिकटवला होता, आणि तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हा तो मागे टाकून आले असे तूच मला सांगितले होतेस. त्या दिवशी तो तुझ्यापाठोपाठ खडकीपर्यंत आला. तू तशीच उठून तनुजेकडे गेलीस. दोन वर्षे झाली.

त्यांना तो शब्द परत घ्यायचा आहे, असे मला वाटते. खात्रीने सांगू शकत नाही. कदाचित तुझ्या हातची पातळ भाजीच हवी असेल. परंतु त्यांच्याजवळ वेळ थोडा आहे. एकदा ये. बसू नकोस, पाणी घेऊ नकोस. ऐकून जा.

मंदाकिनी

&nbsp;

खडकी, बुधवार, १९ मार्च २०२५

शर्मिला,

तुझे पोस्टकार्ड आले. "जाऊबाई, पत्र भेटलं. पांढरे पाय कात्रजलाच बरे आहेत. इथे अजून कोणी मेलं नाही. तुमच्या घरचं तुम्ही पाहा." इतकेच. पत्र मिळते, शर्मिला; भेटते ते माणूस. हे मी तुला पूर्वीही सांगितले आहे. उरलेल्या मजकुरात दुरुस्त करण्यासारखे मला काही सापडले नाही.

कार्ड दारातल्या खुंटीवरच्या पिशवीत ठेवले आहे. माधवरावांनी ते वाचले आणि शब्दकोड्याकडे वळता वळता म्हणाले, "तिचं बरोबर आहे." पुष्कळ वेळाने, "आईचंही वय झालंय." आणखी थोड्या वेळाने, "अगं, चहा." माझ्या यजमानांचे सगळे नीतिशास्त्र या तीन वाक्यांत मावते.

घरचे तू विचारलेले नाहीस, तरी लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला लिहिण्यासारखे नाही. ब्युरोकडून आलेली बाई आठवडाभर टिकली. "आजी मारतात," म्हणाली, आणि ते खरे होते. आता मीच आहे. पहाटे चादरी. मग पाणी येते ते भरणे. त्यांचे अंग पुसणे, पाठीला पावडर. पोळीचा तुकडा तोंडात धरून ठेवतात आणि मी वळले की उशीखाली सारतात. मुंग्यांची रांग भिंतीवरून थेट पलंगापर्यंत येते. मिक्सर जळला आहे, म्हणून पेज चाळणीतून गाळते. ती पुढे केली की ऐकावे लागते, "मंदाकिनीच्या हातचं नको. ती मीठ मोजून घालती." मीच मंदाकिनी, आणि मीठ मी खरोखरच मोजून घालते. डॉक्टरांनी तसे सांगितले आहे.

कालचा संवाद जसाच्या तसा देते.

"शर्मिला!"

"आत्याबाई, मी मंदाकिनी."

"शर्मिलेला बोलव."

"ती इथे नाही. कात्रजला असते."

"मग तू कोण?"

"मंदाकिनी. तुमची थोरली सून. माधवरावांची बायको."

त्यांनी बराच विचार केला. "माधवचं लगीन झालंय?"

बाहेरच्या खोलीतून माधवराव म्हणाले, "मलाही अधूनमधून शंका येते."

तू हसली असशील तर बरे वाटेल. मला हसू आले नाही. जन्मभर संस्कृत शिकवताना मी मुलींना सांगत आले की संबोधनाचा क्रियापदाशी काही संबंध नसतो. ते वाक्याच्या दाराबाहेर उभे असते. आता मी स्वतःच तिथे उभी आहे. या घरातली सगळी क्रियापदे माझी आहेत आणि हाक तेवढी तुझी.

प्रार्थनेचे म्हणशील, तर खोलीत जाऊन दार लावावे आणि गुप्तपणे मागावे अशी प्रभूची आज्ञा आहे. या घरात दार लागणारी एकच खोली उरली आहे, ती न्हाणीघर. तिथे हाक ऐकू येऊ नये म्हणून मी नळ सोडून उभी राहते. परवा मागायला सुरुवात केली, "हे पित्या, मला शांती दे," तोच बाहेरून माधवराव ओरडले, "अगं, टाकी संपेल!" मी नळ बंद केला. पाणी थांबताच आतून पुन्हा तुझे नाव ऐकू आले. मी कडी काढली आणि गेले. त्या दिवशीची प्रार्थना तेवढ्यावरच राहिली.

तू येणार नाहीस हे कळले. तरीही विचारते.

मंदाकिनी

&nbsp;

खडकी, गुरुवार, ३ एप्रिल २०२५

शर्मिला,

तुझ्याकडून यावेळी कार्डही नाही. ठीक आहे.

रविवारी नवे पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले होते. तरुण आहेत, मोटारसायकलवरून फिरतात, सर्वांना काका-काकू करतात. आत्याबाईंनी भाकर घेतली, द्राक्षरस घेतला, आणि "आमेन" म्हणण्याऐवजी "शर्मिला" म्हणाल्या. पाळकसाहेब मला जिन्यापर्यंत घेऊन गेले. "काकू, एक सुचवू? त्या शर्मिला म्हणतात ना, तर तुम्ही ओ द्या. हो, मीच शर्मिला, बोला. काय बिघडतं? त्यांचं मन मोकळं होईल."

मी म्हटले, "पाळकसाहेब, ते असत्य होईल."

"अहो, एवढं कोण बघतंय?"

"कोण बघतंय, हे मी तुम्हांला सांगायचे की तुम्ही मला?"

बिचारे हेल्मेट घालून निघून गेले. माधवराव म्हणाले, "त्याला जेवायला तरी ठेवायचं होतंस. मग हवं ते बोलायचं."

शर्मिला, हा निव्वळ माझा हटवाद आहे असे तू म्हणशील. परंतु शास्त्रातली ती कथा तुझ्याही कानांवरून गेली आहे. बापाचे डोळे गेलेले; थोरल्या मुलाला आशीर्वाद देण्यासाठी तो त्याची वाट पाहत असतो; आणि धाकटा भावाचे कपडे घालून, भावाच्या नावाने ओ देऊन, तो आशीर्वाद लाटतो. थोरला परत येतो तेव्हा त्याच्यासाठी काही उरलेले नसते, आणि तो मोठ्याने रडतो. लहानपणी वडिलांच्या तोंडून ती कथा ऐकताना मला नेहमी त्या रडण्याची भीती वाटे. आत्याबाईंच्या मनात तुझ्यासाठी एकच गोष्ट उरलेली आहे. ती तुझ्या नावाने मी घेतली, तर तू आलीस तेव्हा तुला काय देऊ?

हे मी तत्त्व म्हणून लिहिले. आता जे घडले ते लिहिते.

सोमवारी सकाळपासून हाका चालू होत्या. दुपारची पेज मी तिसऱ्यांदा गरम करून आणली. त्यांनी वाटी हाताने उडवली. पेज माझ्या लुगड्यावर, भिंतीवर, नुकत्याच बदललेल्या चादरीवर. आणि वर पुन्हा, "शर्मिला."

मी त्यांचे मनगट धरले. धरू नये तितके घट्ट. आणि म्हणाले, "ती येणार नाही! तुम्ही तिला पांढऱ्या पायाची म्हणालात, म्हणून ती येणार नाही, कधीच!"

पांढुरक्या डोळ्यांनी माझ्या आकाराकडे बघत राहिल्या.

"कुणी म्हणलं?"

"तुम्ही."

"न्हाई."

"सर्वांदेखत म्हणालात."

"मी न्हाई म्हणलं," असे म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. त्यानंतर दिवसभर हाक आली नाही. न्हाणीघरात नळ सोडावा लागला नाही. मला हवी होती ती शांतता मिळाली होती आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ती कशी बंद करता येईल याचा विचार करीत होते.

मंगळवारी सकाळी पुन्हा "शर्मिला". परंतु आवाज बदलला आहे. पूर्वी ती घरातल्या माणसाला मारलेली हाक होती. आता लांब गेलेल्या माणसाच्या पाठीवर मारल्यासारखी वाटते. त्यांना ते आठवले आहे, शर्मिला. मी आठवण करून दिली. मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते, ते उतरले.

कृपा करून ये.

मंदाकिनी

&nbsp;

खडकी, सोमवार, १४ एप्रिल २०२५

शर्मिला,

काल झावळ्यांच्या रविवारी तनुजा आली. एकटीच आली असे म्हणाली. आत्याबाईंजवळ बसली, त्यांच्या केसांतून हात फिरवला. "आज्जी, मी तनू." "शर्मिला कुटंय?" "आईला मीटिंग होती." तुला कसली मीटिंग? पण आत्याबाईंनी मान हलवली, जणू तुला मीटिंग असणे अगदी रास्त आहे.

मला बाजूला घेऊन तनुजा म्हणाली, "काकू, सॉरी, पण तुम्ही ती पत्रं लिहिणं बंद करा ना. ती वाचते आणि मग दोन दिवस कुणाशी बोलत नाही."

"वाचते?"

"परत परत वाचते. तेच तर."

ती गेल्यावर मी दूध आणायला खाली उतरले. आमचे वॉचमन ज्ञानदेव म्हणाले, "मावशी, तुमच्या पाहुण्या वर आल्याच नाहीत की."

"कोण पाहुण्या?"

"रिक्षात बसून होत्या, फाटकापाशी. ती पोरगी वर गेली, या बसल्या. म्हटलं, चला, लिफ्ट चालूय आज. तर म्हणाल्या, पाय दुखतात. मग पोरगी आली आणि गेल्या दोघी."

तू फाटकापर्यंत आली होतीस. मधल्या खोलीची खिडकी त्याच बाजूला आहे. त्या वेळी आत्याबाई हाक मारीत होत्या. खिडकी उघडी होती. तुला ऐकू गेले का, हे मी विचारणार नाही.

या गोष्टीचा मला राग यायला हवा होता, आणि पहिल्या जिन्यापर्यंत आलाही. मग बसले. दुधाची पिशवी मांडीवर घेऊन तिथेच बसले. मला वाटत होते, तू येत नाहीस म्हणून मी अडकले आहे. तुझ्यावाचून आत्याबाईंचे मन मोकळे होत नाही, ते मोकळे झाल्यावाचून माझी सुटका होत नाही, आणि तुला तर दोन पावलांचे अंतर ओलांडायचे आहे. परंतु कात्रजहून खडकीपर्यंत येऊन ती दोन पावले जिला टाकता आली नाहीत, तिचे ओझे माझ्यापेक्षा हलके नाही. एवढे मला जिन्यात कळले. तू फाटकापर्यंत आली होतीस हे मी आत्याबाईंना सांगितले नाही. माधवरावांनाही नाही. ते म्हणाले, "दुधाला एवढा वेळ?" मी म्हटले, "रांग होती."

तनुजेच्या म्हणण्याप्रमाणे आता लिहिणार नव्हते. हे शेवटचे समज.

मंदाकिनी

&nbsp;

खडकी, मंगळवार, २९ एप्रिल २०२५

शर्मिला,

शेवटचे म्हणून पुन्हा लिहीत आहे. कारण माझ्याजवळ तुझी एक वस्तू येऊन पडली आहे आणि ती ठेवून घेण्याचा मला अधिकार नाही.

उत्तम शुक्रवार गेला, पुनरुत्थानाचा रविवारही गेला. दोन्ही दिवशी मी घरीच होते. ऊन फार आहे. आत्याबाईंचे अन्न जवळजवळ सुटले आहे. चमच्याने पाणी, कधी ताक. पाठीला जखम झाली आहे, तिचे लिहीत नाही.

काल दुपारी माधवराव झोपले होते आणि मी भांडी विसळत होते. हाक आली, "शर्मिला." तिच्यात आग्रह नव्हता. उत्तर येणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याने केवळ सवयीने उच्चारावे तसे. मी ओले हात पुसत दारात गेले. "मी मंदाकिनी" हे वाक्य जिभेवर नेहमीसारखे तयार होते.

मी म्हटले, "ओ."

का म्हटले, ते विचारू नकोस. नंतर मी पुष्कळ विचार केला. दुसऱ्याच्या नावाने उभा राहणारा शास्त्रात तो लबाड धाकटा भाऊ एकटाच नाही, आणखी एक आहे. तो दुसऱ्यांच्या नावाने उभा राहिला ते काही लाटण्यासाठी नव्हे, आणि आपला सगळा विश्वास त्याच्यावरच उभा आहे. हे सगळे मला नंतर सुचले. त्या क्षणी काहीच सुचले नव्हते. फक्त, इतके दिवस कोणी ओ दिली नाही, एवढेच जाणवले.

त्या म्हणाल्या, "आलीस?"

"हो."

"उशीर केलास."

"हो, आत्याबाई."

"पाय वर घे."

मला वाटले, भ्रमात बोलतात. मी पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी चादरीवर हात आपटला. "हितं. वर घे म्हणते ना."

"नको, आत्याबाई. सुनेचे पाय तुमच्याजवळ..."

"गप. ठेव."

मी पाय वर घेतले. त्यांचा हात चाचपडत आला. माझी टाच त्यांना सापडली, मग घोटा, मग बोटे एकेक. शर्मिला, सासूने सुनेच्या पायांना हात लावावा हे मी कधी पाहिले नव्हते, ऐकले नव्हते. प्रभू पाय धुण्यासाठी वाकला तेव्हा ज्या शिष्याने "माझे नको" म्हटले, त्याला मी आजवर अडाणी समजत आले. काल मला ते पाय ओढून घ्यायचे होते, त्याच्यापेक्षाही जोराने. मी पलंगाची पट्टी धरून बसले.

त्या म्हणाल्या, "पांढरे कुटं हायेत गं? मातीचेच हायेत की."

त्यांचा अंगठा टाचेवरून फिरत राहिला.

"मीच म्हणले. समद्यांदेखत म्हणले. समाधान गेला आन् माझ्या तोंडाला कुत्रं लागलं." मग श्वास घेऊन म्हणाल्या, "प्रभूला सांगितलं मी. रोज सांगते. तो म्हणतो, मला काय सांगतीस, तिला सांग."

मग त्यांनी माझी टाच घट्ट धरली. अंगात चमचाभर ताक असलेल्या बाईची ती पकड नव्हती. "क्षमा केलीस का मला?"

ही तुझी वस्तू. ती मी जशीच्या तशी पाठवत आहे. एक शब्दही बदललेला नाही; "समद्यांदेखत" म्हणाल्या, तेही तसेच ठेवले आहे.

मी उत्तर दिले नाही. "हो" म्हणणे फार सोपे होते. पाळकसाहेबांनी म्हटलेच असते, आणि त्यांनी म्हटले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. तुझ्या नावाने ओ देता आली. तुझ्या नावाने ऐकता आले. माझे पाय तुझ्या पायांच्या जागी ठेवता आले. परंतु क्षमा तुझ्याजवळ आहे, माझ्याजवळ नाही. नसलेले मी कुठून देऊ? आणि तुला ती द्यायची आहे की नाही, हे मला खरोखरच ठाऊक नाही. नसेल तरी तुला बोल लावणार नाही. तो शब्द तुझ्या कपाळी दोनदा लिहिला गेला, आणि दुसऱ्यांदा आमच्या घरात.

माझे गप्प राहणे त्यांना कळले. त्यांनी पकड सैल केली. रागाने नव्हे. माझ्या पायावर दोनदा थापटले, लहान मुलाला थापटतात तसे. "बरं. इचार करून सांग. घाई न्हाई. जा आत, पड जरा. उन्हातनं आलीयेस." आणि मी उठत असताना, "मंदाकिनीला म्हणावं, शर्मिला आलीय, तिला वाढ."

मी म्हटले, "म्हणते."

मग स्वयंपाकघरात गेले आणि ताट घेतले. इतक्या महिन्यांत त्यांनी प्रथमच माझे नाव तक्रारीवाचून घेतले होते, आणि ते माझ्यासमोर, दुसऱ्या कोणाला निरोप म्हणून. मी त्याला ओ देऊ शकले नाही. परवापर्यंत मला याचे रडू आले असते. काल आले नाही. दूध तोडलेले मूल आईच्या मांडीवर निजते, पण मागत नाही, तसे काहीसे वाटले. वडील म्हणायचे की विश्वासाचे ते सर्वांत उंच ठिकाण आहे. उंच वगैरे मला काही जाणवले नाही. नळ गळत होता. चादर भिजवायची होती. माधवराव उठून म्हणाले, "अगं, कोणाशी बोलत होतीस?" मी सांगितले, "शर्मिलेशी." त्यांनी माझ्याकडे पाहिले, पुन्हा ताटाकडे पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच चहा स्वतः टाकला. साखर विसरले.

शांती मागताना माझी कल्पना होती की हाका थांबतील. त्या थांबल्या आहेत. काल दुपारपासून आत्याबाईंनी एकदाही तुझे नाव घेतलेले नाही. डोळे मिटून पडून असतात. मी आत गेले की डोळे उघडून कान टवकारतात, आणि मी काही बोलले नाही की डोळे पुन्हा मिटतात. डॉक्टर सकाळी येऊन गेले. आता औषध बदलण्यात अर्थ नाही म्हणाले.

म्हणून हे पत्र पोस्टाने नाही. ज्ञानदेव उद्या सुट्टीवर आहेत, ते कात्रजला स्वतः आणून देतील. त्यांना दारातच थांबायला सांगितले आहे. त्यांच्याजवळ काही लिहून द्यावेस म्हणून नव्हे, यायचे असेल तर सोबत असावी म्हणून. "क्षमा केली" की "नाही केली", जे असेल ते. पण ते माझ्याकडे लिहून पाठवू नकोस. मी ते वाचून दाखवणार नाही. त्यांना तुझाच आवाज लागेल, आणि "नाही" म्हणायचे असेल तर तेही तिथेच उभे राहून म्हण. मी बाहेरच्या खोलीत बसेन.

आत्याबाई आता तुझी वाट पाहत नाहीत, शर्मिला. त्यांच्या लेखी तू आलेली आहेस. आतल्या खोलीत पडून विचार करते आहेस.

मंदाकिनी